काचेची तार आणि चुकलेले त्रैराशिक

श्रोतेहो, जत्रेच्या फडावर किंवा लग्नाच्या मांडवात टांगलेला ध्वनिवर्धकाचा कर्णा तुम्ही पाहिलाच असेल. मागे बसलेली मंडळी ओरडतात, "आवाज वाढव रे!" कर्णेवाला बटण पिळतो. आवाज वाढतो. पुन्हा मागणी होते, तो पुन्हा पिळतो. मग एक वेळ अशी येते की, आवाज मोठा होतो खरा, पण शब्द कळेनासे होतात. आपण म्हणतो, "कर्णा फाटला." कर्णा काही फाटलेला नसतो. बटण जरा मागे फिरवले की तोच गळा पुन्हा गोड ऐकू येतो.

हे असे का होते? शिक्षक मित्रांनी वर्गातले त्रैराशिक आठवावे. एका टोपलीत वीस पेरू, तर तीन टोपल्यांत साठ. सरळ हिशेब. ध्वनिवर्धकातही तसेच असते. आत दुप्पट आवाज गेला की बाहेर दुप्पट येतो. पण हे एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की त्रैराशिक चुकते, आणि नुसते चुकत नाही, तर मूळ आवाजात नव्हते असे भलतेच सूर त्यातून निघू लागतात. शेतकरी बंधूंना हे वेगळे सांगायला नको. एका पोत्याने पीक सुधारले म्हणून दहा पोती खत टाकणाऱ्याच्या शेतात दहापट पीक येत नाही, उभे पीक जळते. ज्या ठिकाणी त्रैराशिक लागू पडत नाही, त्या वागण्याला शास्त्रज्ञ 'अरेषीय' म्हणतात. त्यापायी संदेश बिघडला तर ती अरेषीय विकृती.

आज ज्या काचेच्या बारीक तंतूंतून समुद्रापारचे दूरध्वनी, चित्रे आणि पत्रव्यवहार धावत असतात, त्या तंतूंतही नेमका हाच कर्णा फाटतो. तो फाटू नये म्हणून गेली पन्नासएक वर्षे जे प्रयत्न झाले, त्यांची हकिगत मला आज सांगायची आहे. पण तिचा आरंभ काचेच्या तारेपासून करून चालणार नाही. तो तांब्याच्या तारेपासून करावा लागेल.

१८५८ सालच्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार पडली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना शुभसंदेश पाठवला. संदेश होता ९८ शब्दांचा, आणि तो पोहोचायला लागले सुमारे १६ तास. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! कारण असे की, एवढ्या लांब तारेत या टोकाला मारलेला विजेचा नेटका ठोका त्या टोकाला पोहोचेपर्यंत पसरून जाई. एका ठोक्याची शेपटी दुसऱ्या ठोक्याच्या डोक्यावर चढे.

या तारेचा विद्युत्तज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचा शस्त्रवैद्य. त्याचे म्हणणे साधे होते: ऐकू येत नाही ना, मग जोर लावा. त्याने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर टाकला. उलट ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, यांचे म्हणणे असे की, जोर लावू नका, कान तिखट करा. त्यांनी एक इवलासा आरसा दोऱ्याला टांगला, त्यावर दिव्याचा कवडसा पाडला, आणि अगदी क्षीण विजेनेही तो कवडसा हलेल अशी योजना केली. संदेश नीट आले ते थॉमसनांच्या आरशावर. पण तोवर तारेचे वेष्टन जायबंदी झाले होते. तीन आठवड्यांच्या आसपास रडतखडत चालून सप्टेंबरच्या आरंभी ती तार कायमची मुकी झाली. तार मुळातच कच्ची बनली होती हे खरे, सगळे पाप एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारणे बरोबर नाही. पण जोर लावण्याची हौस तिला भोवली, एवढे नक्की.

त्या तारेतली विकृती पसरण्याची होती, कर्णा फाटण्याच्या जातीची नव्हती, हे लक्षात ठेवावे. पण व्हाइटहाउस आणि थॉमसन यांचा तो झगडा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे. म्हणून एवढा वेळ त्यात घालवला.

कर्णा फाटण्याचा खरा प्रश्न उभा राहिला तो दूरध्वनीच्या काळात. लांबच्या तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी विवर्धक बसवायचे, म्हणजे आवाज पुन्हा मोठा करणारी यंत्रे. एक विवर्धक आवाज किंचित बिघडवतो, तो कानाला कळतही नाही. पण असे शेकडो विवर्धक एकामागोमाग बसवले की बिघाडावर बिघाड साचत जातो. त्यातून एकाच तारेवर अनेक संभाषणे चालवायची ठरवली, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात शिरू लागते. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेतला हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता या प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षे लागला होता.

२ ऑगस्ट १९२७ या दिवशी सकाळी तो रोजच्याप्रमाणे हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर निघाला होता. हातात त्या दिवसाचे 'न्यूयॉर्क टाइम्स' होते. बोटीतच त्याला उत्तर सुचले आणि त्याने ते त्याच वर्तमानपत्राच्या पानावर काढून खाली सही केली. उत्तर असे: विवर्धकातून बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा. शुद्धलेखन तपासताना गुरुजी मुलाची वही फळ्यावरच्या मूळ मजकुराशी ताडून पाहतात आणि फरक तेवढा काढतात ना, तसेच हे. बाहेरचे आतल्याशी ताडायचे आणि जी चूक दिसेल ती मुळातच वजा करायची. यात आवाज पुष्कळ कमी होतो, पण उरतो तो स्वच्छ. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ब्लॅकने विकृती एक लाखाने भागली जाईल इतकी कमी करून दाखवली. कमावलेला जोर मुद्दाम सोडून द्यायचा, हा विचार त्या काळच्या लोकांना इतका विचित्र वाटला की त्याच्या पेटंटाचा अर्ज नऊ वर्षे पडून राहिला. ते मिळाले १९३७ च्या डिसेंबरात.

आता काचेकडे येऊ.

१९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो येथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक निबंध लिहिला. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या केसासारख्या तंतूतून प्रकाशाच्या लुकलुकीने दूरवर संदेश पाठवता येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. अट एकच. एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा निदान शंभरावा हिस्सा तरी उरला पाहिजे. त्या काळची चांगल्यातली चांगली काच वीस मीटरांतच एवढा प्रकाश गिळून टाकी. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी ती अट पुरी केली. पुढे काच इतकी निवळली की ५० किलोमीटर गेल्यावरही दहावा हिस्सा प्रकाश शिल्लक राहू लागला. काओंना त्यासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतूची व्यवस्था १९७९ साली सुरू झाली, तीही पुण्यात.

१४ डिसेंबर १९८८ रोजी अटलांटिकच्या तळाशी पहिली काचेची तार कामाला लागली. एकाच वेळी चाळीस हजार संभाषणे! तिच्यात ठराविक अंतरावर पेट्या होत्या. पेटी काय करी? आलेला थकलाभागला प्रकाश पाही, तिथे एक आहे की शून्य एवढे ठरवी, आणि नवाकोरा प्रकाशाचा ठोका पुढे सोडी. म्हणजे प्रत्येक पेटीपाशी विकृतीचा हिशेब कोरा होई. जुने कर्ज पुढच्या गावाला जात नसे.

पण या पेट्या महाग, आणि एका पेटीला एकच रंग कळे. १९८७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने, आणि त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी, एर्बियम नावाचे मूलद्रव्य काचेत किंचित मिसळून प्रकाशाने प्रकाशच वाढवून दाखवला. मधे विजेचे रूपांतर नाही, एक की शून्य ही चौकशी नाही. शिवाय एकाच विवर्धकातून अनेक रंग एकदम वाढवून घ्या. एका तंतूत दहा रंग, पुढे शंभर रंग, प्रत्येक रंगावर स्वतंत्र संदेश. मोठी क्रांती झाली म्हणायची. १९९६ पर्यंत अटलांटिकखाली असे विवर्धक असलेल्या तारा कामाला लागल्या.

आणि इथेच जुने कर्ज डोक्यावर बसले. कारण हा विवर्धक आलेला प्रकाश जसाच्या तसा मोठा करतो, त्यातली विकृतीही तशीच पुढे पाठवतो. हजारो किलोमीटर विकृती साचत जाते.

तुम्ही म्हणाल, काचेत विकृती कसली? काच ती काच. तर त्यासाठी ग्लासगोच्या आणखी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल. जॉन केर हे तिथल्या अध्यापक विद्यालयात गणित शिकवीत. शिक्षकांना शिकवणारा शिक्षक! १८७५ साली त्यांनी दाखवले की, काचेवर विजेचा जोरदार ताण दिला तर तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. आता प्रकाश म्हणजे तरी काय, विजेच्या आणि चुंबकाच्या ताणाची लाटच. तेव्हा प्रकाश पुरेसा प्रखर असेल तर तो स्वतःच काचेची तब्येत बदलतो आणि स्वतःचीच चाल मंदावतो. याला केर यांचेच नाव मिळाले आहे.

एक बैलगाडीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. मुरूम मऊ आहे. रिकामी गाडी गेली तर चाकोरी उमटत नाही. उसाची भरलेली गाडी गेली की तिच्याच वजनाने रस्ता दबतो, तीच गाडी जड चालते, आणि शेजारून जाणारी दुसरी गाडीही हेलकावते. फरक एवढाच की, काचेचा रस्ता गाडी पुढे सरकली की त्याच क्षणी पुन्हा सपाट होतो.

प्रखर प्रकाश म्हणजे तरी किती? ऐकून हसू येईल, एक सहस्रांश वॅट. साध्या बॅटरीच्या दिव्यापुढेही तो काहीच नाही. पण तो कोंबलेला असतो काचेच्या अशा गाभ्यात, ज्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तेवढ्याशा जागेत त्याची दाटी भरदुपारच्या चैत्रातल्या उन्हाच्या दहा हजार पटींहून अधिक भरते! तरीही काचेतला बदल नगण्यच असतो. पण वाट पाच हजार किलोमीटरची असेल आणि प्रकाशाची ती चमक वाटभर तशीच राखली, तर साचत साचत लाट जवळजवळ एक पुरी लाटभर मागे पडते. वाट लांब, म्हणून थेंबाथेंबाने तळे साचते. आजचे संदेश तर लाटेच्या अशा पुढेमागे असण्यातच लिहिलेले असतात. मग त्यांची अक्षरे पुसली जाणार नाहीत तर काय होईल?

दुसरा उपद्रव याहून चमत्कारिक. तंतूत तीन रंग एकत्र धावत असले की काचेच्या या स्वभावामुळे त्यांच्यातून चौथाच रंग जन्माला येतो. कोणी न पाठवलेला! रंग सारख्या अंतरावर मांडलेले असतील तर हे भूत नेमके शेजारच्या एखाद्या खऱ्या रंगाच्या जागेवर जाऊन बसते आणि त्याच्या संदेशात ढवळाढवळ करते. त्रैराशिक इथे कसे चुकते पाहा: तिन्ही रंग दुप्पट तेजस्वी केले तर भूत दुप्पट होत नाही, आठपट होते. फळ्यावर मुलांकडून हा गुणाकार करून घेण्याजोगा आहे.

आता या भुताने अभियंत्यांची कशी फजिती केली तो भाग मला सगळ्यांत मनोरंजक वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या चालीने जातात. त्यामुळे प्रकाशाचा ठोका पसरतो. १८५८ चे दुखणे पुन्हा आलेच म्हणा ना. जो रंगपट्टा काचेत सर्वांत कमी गिळला जातो, त्याच पट्ट्यात हे पसरणे बरेच असते. म्हणून १९८० नंतरच्या काळात हुशार लोकांनी तंतूची घडणच बदलली आणि त्या पट्ट्यातले पसरणे शून्यावर आणले. एकाच रंगाचा संदेश पाठवायचा तोवर हा तंतू म्हणजे सोने होते. जपानने तर देशभर तो पुष्कळ पसरला. मग आले एर्बियमचे विवर्धक, आणि त्यांच्यासोबत अनेक रंग. आणि या सोन्यासारख्या तंतूत भुतांचा नुसता सुळसुळाट झाला.

का झाला? झोक्याचा दाखला घ्या. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्याला तुम्ही दर खेपेला बरोबर वेळेवर धक्का दिलात तर तो उंच उंच जातो. वेळ साधली नाही तर एक धक्का झोका पुढे नेतो आणि दुसरा त्याला अडवतो. झोका जागच्या जागी रेंगाळतो. ज्या तंतूत सगळे रंग एकाच चालीने जातात, तिथे त्यांचे धक्के किलोमीटरमागून किलोमीटर बरोबर वेळेवर बसत राहतात आणि भूत फोफावते. रंगांच्या चाली वेगळ्या असल्या की वेळ चुकते आणि भुताला बळ मिळत नाही. म्हणजे जो दोष म्हणून मोठ्या खटपटीने काढून टाकला, तोच त्या तंतूचा राखणदार होता!

बेल प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू क्राप्लिव्ही आणि रॉबर्ट टकाच यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यातून वाट काढली. पसरणे शून्य करायचे नाही. थोडे राहू द्यायचे. किंवा काही अंतर एका दिशेने पसरवणारा तंतू घालायचा, मग त्याच्या उलट दिशेने पसरवणारा. घाटात चढ आणि उतार यावेत तसे. वाटेत कुठेही सपाटी नाही, म्हणून भुताला थारा नाही, आणि शेवटी चढ-उताराची बेरीज शून्य, म्हणून ठोकाही नेटका. २००९ साली या दोघांना मार्कोनी पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

याच काळात आणखी एका कल्पनेने लोकांना भुरळ घातली होती. १८३४ साली एडिंबरोजवळच्या एका कालव्याच्या काठाने जॉन स्कॉट रसेल हा अभियंता घोड्यावरून चालला होता. घोड्यांनी ओढलेली एक नाव एकाएकी थांबली, आणि तिच्यापुढचे पाणी एका गोल उंचवट्याच्या रूपाने सुटून पुढे निघाले. तो उंचवटा विरेना, पसरेना. रसेलने मैल-दोन मैल त्याचा घोड्यावरून पाठलाग केला. १९७३ साली बेल प्रयोगशाळेत हासेगावा आणि टॅपर्ट यांनी गणिताने दाखवले की, काचेच्या तंतूतही असा एकांडा ठोका निघू शकतो. त्याला सॉलिटॉन म्हणतात. काचेचा केर गुण ठोक्याच्या पुढच्या भागाला तांबूस आणि मागच्या भागाला निळसर करतो. आता योग्य तंतूत निळसर भाग वेगाने चालतो, तांबूस सावकाश. मागचे पुढच्याला गाठतात, पुढचे मागच्यांसाठी थबकतात, आणि ठोका एकत्र राहतो. दोन दुखणी एकमेकांवर उतारा! १९८० साली मॉलेनॉअर, स्टोलेन आणि गॉर्डन यांनी हा ठोका प्रत्यक्ष पाहिला. १९८८ साली मॉलेनॉअर आणि स्मिथ यांनी तंतूच्या वेटोळ्यातून तो पुन्हा पुन्हा फिरवून चार हजार किलोमीटरांहून जास्त चालवला. वाटेत त्याला बळ कशाने दिले माहीत आहे? रामन परिणामाने. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास जे टिपले, तेच साठ वर्षांनी तंतूतल्या प्रकाशाला जोर देण्याच्या कामी आले. (हाच परिणाम दुसरीकडे एका रंगाचे तेज चोरून दुसऱ्याला देतो, हेही सांगायला हवे. तो मित्रही आहे आणि चोरही.)

एवढे असूनही व्यापारी तारांमध्ये सॉलिटॉनचा मोठा जम बसला नाही. विवर्धकांच्या खरखरीने ठोके आपल्या वेळेपासून ढळतात, आणि शेजारच्या रंगांचे ठोके एकमेकांवर आदळतात. साधे, पसरणारे ठोके आणि चढ-उताराचे तंतू यांनीच बाजी मारली. सुंदर कल्पनेला व्यवहारात नेहमीच जागा मिळते असे नाही.

मग गणिताचा ताळा आला. भागाकार बरोबर आला की नाही हे पाहायला आपण उलटा गुणाकार करून बघतो. काचेने संदेशाचे काय काय केले याचे समीकरण माहीत आहे. तर शेवटच्या टोकाला आलेली लाट जशीच्या तशी टिपून घ्यायची, आणि ती जणू एका कल्पनेतल्या तंतूतून उलट्या पावलांनी मागे न्यायची. दोराला जितके पीळ पडले तितके उलटे फिरवायचे, म्हणजे सरळ दोर हाती येतो. २००८ साली स्टॅनफर्डमध्ये इप आणि कान यांनी, आणि त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका गटाने, ही रीत संगणकाने करून दाखवली. लाट पूर्णपणे टिपणारे ग्राहकयंत्र तोवर बाजारात येऊ लागले होते, म्हणूनच ते शक्य झाले. त्याआधी १९८३ साली फिशर, सायडम आणि येव्हिक यांनी हेच काम संगणकाशिवाय करायची युक्ती सुचवली होती. वाटेच्या मध्यावर प्रकाशाची लाटच आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटवायची, म्हणजे पहिल्या अर्ध्या वाटेने घातलेला पीळ दुसरी अर्धी वाट आपसूक काढते. युक्ती देखणी आहे. पण समुद्राच्या तळाशी नेमका मध्य साधायचा, आणि दोन्ही अर्ध्या वाटा सारख्या ठेवायच्या, हे कागदावर जितके सोपे तितके पाण्याखाली नाही.

ताळ्याच्या रीतीलाही कुंपण आहे. एक तर गणित अवाढव्य. दुसरे, विवर्धकांनी वाटेत जी खरखर मिसळली ती उलटी करता येत नाही, कारण ती कशी पडली हे कोणालाच माहीत नसते. तिसरे म्हणजे, शेजारच्या रंगांनी जो धक्का दिला तो काढायचा तर ते शेजारी काय बोलत होते हे कळायला हवे. २००१ साली पार्थ मित्र आणि जेसन स्टार्क यांनी 'नेचर' या नियतकालिकात हिशेब मांडला की, तंतूत प्रकाश वाढवत गेले तर एका टप्प्यापर्यंत संदेशाची क्षमता वाढते आणि त्यापुढे ती घटू लागते. म्हणजे काय, कर्णा फाटतो! पुढच्या संशोधकांनी या हिशेबात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण टेकडीच्या त्या आकाराने सगळ्यांना विचारात पाडले.

२०१५ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अलिच आणि राडिच यांच्या गटाने शेजाऱ्यांच्या प्रश्नावर एक उपाय पुढे आणला. लेझीम खेळताना प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर गोंगाट होतो. एका हलगीवर सगळे नाचले की पुढचे पाऊल कुठे पडणार हे आधीच सांगता येते. तंतूतल्या रंगांचे दिवे स्वतंत्र असतात आणि प्रत्येक दिवा किंचित आपल्या मनाने ढळत असतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या धक्क्यांचा हिशेब लागत नाही. या गटाने सगळे रंग एकाच दिव्यापासून, फणीच्या दातांसारखे नेमक्या अंतरावर काढले. मग धक्के आधीच मोजता आले, आणि पाठवतानाच संदेशाला तेवढी उलटी वाकण देऊन ठेवता आली. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, मोजक्या रंगांचा. शंभर रंगांचा हिशेब क्षणात करणे ही वेगळी गोष्ट.

आणि गंमत बघा. एवढ्या बुद्धीच्या कसरती चालू असताना समुद्रतळाच्या तारांचे कारखानदार मात्र थॉमसनांच्या वाटेने वळले. एका तंतूत प्रकाश ठासण्याऐवजी तो कमी करा, आणि तंतूच जास्त घाला. गाभा जरा रुंद करा, म्हणजे दाटी आपोआप ओसरेल. १९८८ च्या त्या पहिल्या काचेच्या तारेत तंतूंच्या मोजक्याच जोड्या होत्या. २०२१ साली अमेरिका आणि फ्रान्स यांच्यामध्ये सुरू झालेल्या 'दुनाँ' या तारेत बारा जोड्या आहेत. (रेडक्रॉसचे संस्थापक आंरी दुनाँ यांचे नाव तिला दिले आहे.) यामागे विकृतीचे भय हे एकच कारण नाही. विवर्धकांना लागणारी वीज किनाऱ्यावरूनच हजारो व्होल्टच्या दाबाने पाठवावी लागते आणि ती मोजूनमापून वाटावी लागते. तीच वीज थोड्या तंतूंवर उधळण्यापेक्षा पुष्कळ तंतूंवर बेताने वाटली तर एकूण संदेश जास्त जातात. त्रैराशिक चुकते म्हणून काटकसर फायद्याची ठरते!

आपल्या मुंबईला समुद्रातून इंग्लंडची तार आली १८७० साली. आज तिथल्या किनाऱ्यावर काचेच्या अनेक तारा उतरतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे प्रकाशतंतू ओढला जातो, आणि ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. गावातल्या तंतूला या विकृतीचा फारसा त्रास नाही, कारण वाट थोडकी. पण गावातला मुलगा दुबईला किंवा लंडनला असलेल्या बापाशी बोलतो तेव्हा त्याचा शब्द पुढे त्याच समुद्रतळाच्या तारांतून जातो.

साउदॅम्प्टनमध्ये, जिथे एर्बियमचा विवर्धक जन्मला, तिथले लोक आता वेगळ्याच खटपटीत आहेत. ते पोकळ तंतू बनवतात. आत हवा, आणि भोवती काचेच्या अतिपातळ नळ्यांची महिरप. प्रकाश त्या महिरपीच्या आत हवेतून जातो, काचेला जवळजवळ शिवतच नाही. त्यामुळे केर यांनी दाखवलेला काचेचा तो गुण तिथे हजारो पटींनी कमी पडतो. २०२५ साली अशा तंतूतला प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला ०.१ डेसिबलच्याही खाली आणल्याचे प्रसिद्ध झाले. भरीव काचेच्या उत्तमातल्या उत्तम तंतूलाही हे कधी साधले नव्हते.